सदरसाहेबांची सही

अमरावती
३ जून २०२४

अय्युब,

अस्सलामु अलैकुम. नांदगाव खंडेश्वरला मोठ्या खालाच्या चाळिसाव्याला आपण भेटलो, त्याला दोन वर्षं होत आली. तेव्हा तू म्हणाला होतास, आपा, गाद्यांचा कारखाना पोरावर सोडून एकदा निवांत येतो. आला नाहीस. बरा असशील अशी उमेद करते.

पत्र कामाचं आहे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून इथल्या मुलींच्या मदरशाचं काम मी बघते हे तुला ठाऊकच आहे. दीनी तालीम, आणि तिच्यासोबत सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी. तुमच्याकडेही तसंच चालतं. आमच्याकडे एका उस्तानीची जागा आहे. अकोल्याहून अमरीन नावाच्या मुलीचा अर्ज आलाय. दीनी तालीम पुरी करून आलिमा झालेली आहे, बी.ए. आहे आणि गणितसुद्धा शिकवते. अशी माणसं शोधून सापडत नाहीत.

चार वर्षं ती तुमच्या मदरशात होती. जानेवारीत तिथून निघाली. का निघालीस म्हणून विचारलं, तर म्हणाली, "मॅडम, ते तुम्ही त्यांनाच विचारा." तू तिथला सदर आहेस, म्हणून तुला विचारते. मुलगी कशी आहे? का गेली?

फोन करू नकोस. कमिटीपुढे मला कागद ठेवावा लागतो. मराठीतच लिही. आमच्या कमिटीतल्या दोघी मराठी शाळेत शिकलेल्या आहेत, त्यांनाही वाचता येईल.

तुझी आपा,
आयशा


अकोला
१२ जून २०२४

आदरणीय आयशाआपा,

आपले दि. ३ रोजीचे पत्र मिळाले. आपण विचारणा केलेल्या शिक्षिकेस आमच्या संस्थेच्या कार्यकारिणीने दि. २१ जानेवारी रोजी रीतसर ठराव करून कार्यमुक्त केलेले आहे. ठरावावर अध्यक्ष या नात्याने माझी सही आहे. कारणे संस्थेची अंतर्गत बाब असल्याने त्याविषयी अधिक लिहिणे उचित होणार नाही. आपण आपल्या स्तरावर योग्य तो निर्णय घ्यावा.

घरी सर्व खुशाल आहेत. बकरीदला शक्य झाल्यास यावे.

आपला,
शेख अय्युब


अमरावती
२४ जून २०२४

अय्युब,

तुझं पत्र वाचून वाटलं, जिल्हा परिषदेचा कोणी बाबू मला लिहितोय. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा मात्र भीती वाटली. माणूस असं कधी लिहितो हे पस्तीस वर्षं शाळेत काढलेल्या बाईला कळतं.

ईदनंतर अमरीनला परत बोलावलं. ठरावाची नक्कल आहे का विचारलं, तर तिनं पर्समधून काढून दिली. चार घड्या पडलेला कागद. मदरशाचा रोजचा कारभार बघणाऱ्या तुमच्या नाझिमांनी, मौलाना शाहनवाज यांनी, तो तिच्या अब्बांच्या हातात दिला होता. ठराव उर्दूत आहे. कमिटीतल्या बायांसाठी मी त्याचं मराठी केलं. तेच खाली उतरवते. तू सही केलेलं दुसऱ्या भाषेत कसं दिसतं ते बघ.

"उस्तानी अमरीन यांनी अकरा मुलींच्या पालकांना मदरशात जमवून, दहावीचे कागद संस्थेच्या चुकीने राहिले असे सांगितले. चौकशीत हे साफ खोटे निघाले. संस्थेकडे हायस्कूलची कोणतीही चिठ्ठी आलेली नव्हती. खोटे बोलणे, लोकांत फूट पाडणे आणि उस्तानीला न शोभणारे वर्तन यांमुळे त्यांना काढण्यात येत आहे. त्यांना मुलींजवळ ठेवण्यापूर्वी इतर मदरशांनी विचार करावा."

खाली सदर म्हणून तुझी सही.

शेवटचं वाक्य परत वाच. मुलींजवळ ठेवण्यापूर्वी. लोक त्याचा काय अर्थ काढतात हे तुला सांगायला नको. पाच महिन्यांत तिनं चार ठिकाणी अर्ज केले, आणि चारही ठिकाणी हा कागद तिच्याआधी पोचला. तिचे अब्बा आता मशिदीत शेवटच्या रांगेत उभे राहतात आणि नमाज संपून सलाम फिरवला की सगळ्यांच्या आधी निघून जातात. हे तिनं सांगितलं, रडून नाही, गणित सांगावं तसं.

लहानपणी कोणाच्या शेतातली बोरं तोडली तरी तुझा चेहरा आठवडाभर उतरलेला असायचा. त्या अय्युबनं हे लिहिलं यावर माझा विश्वास बसत नाही. लिहिलं असलं तर तसं सांग.

आयशा


अकोला
६ जुलै २०२४

आपा,

सलाम. ह्या खेपेस बाबूसारखं लिहीत नाही. तुमच्याशी जसं बोलतो तसं लिहितो.

तो ठराव मी लिहिला नाही. त्याच्यात काय आहे हे मले तुमचं पत्र वाचून समजलं. सहा महिन्यांनी. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, मी त्याले बस म्हटलं आणि मांगं कापसाच्या कोठीत जाऊन पुन्हा वाचलं.

आपा, मले उर्दू वाचता येत नाही.

तुमी नांदगाव सोडलं तवा मी बारा वर्षांचा होतो. तुमाले वाटलं असन, अकोल्याले चाचाजवळ गेला म्हणजे शिकला असन. नाही शिकलो. नांदगावच्या मराठी शाळेत सातवी झाली आणि इकडं आल्यावर पिंजायच्या यंत्रावर बसलो. कुराण वाचतो, त्याले जेर-जबर, म्हणजे खालवरच्या स्वरांच्या खुणा, असतात, लहानपणापासून डोळ्यात बसलेलं आहे. पण हातानं लिहिलेली उर्दू समोर आली की मले एक ओळ लागत नाही. उर्दूत मले फक्त माझी सही येते. चाचा वारल्यावर लोकांनी सदर केलं तवा पंधरा दिवस गादीच्या कव्हराच्या कागदावर घोटून घोटून शिकलो.

कोणाले सांगतलं नाही. उर्दूच्या संस्थेचा सदर आणि त्याले उर्दू येत नाही, कसं सांगू? जलशात छापील कागद हाती दिला तर म्हणतो, मौलाना, तुमचा आवाज चांगला, तुमीच वाचा. मीटिंगमध्ये वही आली तर चष्मा दुकानात राहिला. माझ्या बायकोले माहीत असन, पण तिनं कधी बोलून दाखवलं नाही. एकवीस वर्षं हे करून राहिलो.

त्या दिवशी मौलानानं वही पुढं केली. म्हणले, "अमरीनबाबत ठराव आहे, सही करा." मी केली. मले वाटलं, तिले काही दिवस सुट्टीवर बसवत असतील. एवढंच खरं आहे.

लाज वाटते. तुमच्यासमोर बसून हे बोलता आलं नसतं.

अय्युब


अमरावती
१२ जुलै २०२४

अय्युब,

तुझं पत्र कमिटीपुढे ठेवलं नाही. ते माझं आहे.

उर्दू येत नाही यात लाजण्यासारखं काही नव्हतं. आपल्या गावात उर्दू शाळाच नव्हती. मीसुद्धा लग्नानंतर सासूबाईंकडून अलिफ-बे शिकले, वीस वर्षांची घोडी होऊन. तू मला एकदा सांगितलं असतंस तर मी तुला महिन्याभरात शिकवलं असतं.

पण एक गोष्ट मनातून जात नाही. वाचता येत नव्हतं हे मान्य. "वाचून दाखवा" एवढं म्हणता तर येत होतं. एका मुलीच्या बाबतीत ठराव आहे हे तुला माहीत होतं. चष्मा नसलेला माणूसही म्हणतो, जरा वाचा बरं मौलाना. तू का म्हटलं नाहीस?

आता माझा अंदाज सांगते. हायस्कूलच्या क्लार्कनं अमरीनला सांगितलं होतं की फॉर्म ऑनलाइन भरले, पण मूळ कागद अमुक तारखेच्या आत जमा करा, अशी मराठी चिठ्ठी त्यांनी नोव्हेंबरात शिपायाच्या हाती तुमच्या संस्थेला पाठवली. तेच तिनं पालकांना सांगितलं. म्हणजे चिठ्ठी आली होती. मग गेली कुठे? मला वाटतं तुमच्या नाझिमांनीच ती दाबली, अकरा मुलींचं वर्ष बुडवलं आणि ते त्या पोरीच्या गळ्यात घातलं. तुझ्या न वाचण्याचा त्यांनी फायदा घेतला.

मी तुमच्या ट्रस्टच्या प्रत्येक सदस्याला तसं लिहिणार आहे. नाझिमांची चौकशी व्हावी, तोवर त्यांना कामावरून दूर ठेवावं. तुझी हरकत नसावी. तुझं नाव यात येणार नाही याची मी काळजी घेईन.

आयशा


अमरावती
५ ऑगस्ट २०२४

अय्युब,

तीन आठवडे उत्तर नाही. ट्रस्टला लिहिलेलं पत्र माझ्या टेबलावर तयार आहे. येत्या सोमवारी टाकते.

आयशा


अकोला
८ ऑगस्ट २०२४

आपा,

ते पत्र टाकू नका. मौलानानं काही दाबलं नाही. हे पत्र तुमाले सोमवारच्या आधी भेटलं पाहिजे, म्हणून पोराले मोटारसायकलवर तुमच्या घरी पाठवून राहिलो. त्याले यातलं काही माहीत नाही. त्याच्यासमोर उघडू नका.

चिठ्ठी माझ्याकडं आली होती.

ट्रस्टचा पत्ता माझ्या दुकानाचाच आहे. मदरशात मराठी कागद आला तर तो मीच पाहतो, हे आमचं ठरलेलं. उर्दूचं सगळं मौलाना, मराठीचं सगळं मी. शिपाई आला तवा कार्तिकाचे दिवस होते. गाद्या-रजयांचा तोच हंगाम. दुसऱ्या दिवशी मले कौंडण्यपूरच्या यात्रेत माल घेऊन जायचं होतं, दारात मॅटाडोर लागलेला. शिपायाच्या वहीत सही केली, चिठ्ठी वाचली, तारीख पायली. आठ दिवस होते. मनात म्हटलं, यात्रेहून आल्यावर अकराही पोरींचे दाखले गोळा करू. चिठ्ठी गल्ल्याच्या खणात ठेवली. यात्रेहून आलो, पुन्हा माल भरला, पुन्हा गेलो. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात खणात सुतळी शोधता शोधता हातात आली.

हायस्कूलात गेलो. क्लार्क म्हणाला, यादी वर गेली, आता माझ्या हातात काही नाही. त्याच्या टेबलासमोर उभा राहिलो बराच वेळ. मंग घरी आलो. ती चिठ्ठी शेगडीत टाकली.

तुमी विचारलं, वाचून दाखवा कावून नाही म्हटलं. आता सांगतो. जानेवारीत अमरीननं पालकांसमोर चिठ्ठीचं सांगतलं, गलका झाला. मौलानानं कमिटी बसवली. तिलेही बोलावलं, ती दाराशी उभी होती. मौलानानं एकेकाले विचारलं, "चिठ्ठी तुमच्याकडं आली?" सगळे नाही म्हटले. शेवटी माझ्याकडं पायलं. "सदरसाहेब, तुमच्याकडं?" मी मान हालवली. तोंडानं नाहीसुद्धा म्हटलं नाही, आपा. नुसती मान.

त्या एका मानेवर ती पोरगी खोटी ठरली. मौलानाले वाटलं, सदर खोटं कशाला बोलतील. वही पुढं आली तवा मी वाचून दाखवा म्हटलं असतं तर चिठ्ठीचा विषय पुन्हा निघाला असता. म्हणून सही केली. उर्दू येत नव्हती हे खरं आहे, पण त्या दिवशी मले ती येत नव्हती याचं बरंच वाटलं. मांगच्या पत्रात तुमाले अर्धंच सांगतलं. एक लाज सांगून दुसरी झाकली.

तुमी मौलानाचं लिहिलं तवा तीन आठवडे मी काय विचार करत होतो, तेही सांगून टाकतो. मनात आलं, लिहू द्या आपाले. मौलाना माणूस कडक आहे, लोकांचं त्याच्यावर फार प्रेम नाही. जाईल निघून दुसऱ्या मदरशात. हे माझ्या मनात आलं. एक दिवस नाही, तीन आठवडे.

मी सदरकीचा राजीनामा देतो. पुढच्या मीटिंगमध्ये देतो. तुमी अमरीनले ठेवून घ्या. तिची काही चूक नाही असं मी लिहून देतो.

अय्युब


अमरावती
१६ ऑगस्ट २०२४

अय्युब,

तुझा पोरगा समोर चहा पीत होता म्हणून पत्र आतल्या खोलीत जाऊन वाचलं. बाहेर आले तर म्हणाला, "फुफू, अब्बांची तब्येत ठीक नाही का? जेवण कमी झालंय त्यांचं." मी म्हटलं, बरी होईल.

मौलाना शाहनवाज यांची मी मनातल्या मनात माफी मागितली. मीही चौकशी न करता एका माणसाला दोषी धरून पत्र लिहून ठेवलं होतं. तुमच्या ठरावात आणि माझ्या पत्रात फार अंतर नव्हतं. ते फाडून टाकलं.

अमरीनला बोलावून सांगितलं की चिठ्ठी सदरसाहेबांकडे आली होती. ती म्हणाली, "मला माहीत होतं, मॅडम."

अय्युब, तिनं हायस्कूलात जाऊन शिपायाची वही पाहिली होती. त्यात तुझी सही होती. चार वर्षं पगाराच्या कागदावर बघितलेली सही, ओळखायला कितीसा वेळ लागतो. कमिटीपुढे ती उभी राहिली तेव्हा तिला ठाऊक होतं.

मी विचारलं, "मग बोलली का नाहीस?"

म्हणाली, "मला वाटलं सदरसाहेब स्वतःच सांगतील. वयानं माझ्या अब्बांएवढे आहेत. सगळ्यांसमोर त्यांचं नाव मी घ्यावं हे बरं वाटेना. मी त्यांच्याकडेच बघत होते. त्यांनी मान हलवली, आणि मग मला बोलताच आलं नाही."

"नंतर?"

"नंतर बोलले असते तर काढून टाकल्यावर आळ घेते म्हटले असते."

ती इथे एक तारखेपासून रुजू होते आहे. आमच्या कमिटीनं तो ठराव बाजूला ठेवून तिला घेतलं आहे, तुझ्या लेखी दाखल्याची वाट न बघता.

आता तुझ्या राजीनाम्याचं. देऊ नकोस. राजीनामा दिलास की लोक म्हणतील, भला माणूस, पद सोडलं. तू घरी बसशील आणि तो ठराव वहीत तसाच राहील. सदराच्या सहीनं झालेली गोष्ट सदराच्याच सहीनं मिटते. आधी मौलानांच्या घरी जा. मग पालकांना बोलाव, त्या अकरा घरांना तर नक्कीच. जे मला लिहिलंस ते तिथे उभं राहून सांग. नवा ठराव कर, आणि तो त्या चारही मदरशांना तू स्वतः नेऊन दे. या वर्षीचे सतरा नंबरचे फॉर्म सुरू झालेत, मुलींचं बघ. एवढं झाल्यावर तुला खुर्चीवर ठेवायचं की नाही हे त्या लोकांना ठरवू दे. लाज वाटेल. वाटू दे.

आपा


अकोला
१० सप्टेंबर २०२४

आपा,

सलाम. परवा रविवारी बैठक झाली. जसं झालं तसं लिहितो.

आदल्या दिवशी संध्याकाळी असरच्या नमाजनंतर मौलानाच्या घरी गेलो. त्यांनी चटई टाकली, पाणी दिलं. मी सांगतलं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिच्याकडंच पाहत बसले. मंग म्हणले, "सदरसाहेब, मी त्या लडकीले झूठी म्हटलं. तुमच्या मानेवर म्हटलं." मी म्हटलं, हो. "आणि ते शेवटचं वाक्य," ते म्हणले, "ते मी माझ्या रागानं घातलं. ते तुमच्यावर नाही, माझ्यावर आहे." उर्दूचंही मी सांगतलं. ते म्हणले, "शक होता मले. पण तुमी बरे, सह्या लवकर होतात, म्हणून मीही कधी विचारलं नाही."

रविवारी दुपारी जोहरच्या नमाजनंतर खालच्या मोठ्या खोलीत लोक जमले. एका बाजूले पुरुष, दुसऱ्या बाजूले पोरी आणि त्यांच्या आया. मी मराठीत लिहून नेलं होतं, ते उभं राहून वाचलं. आधी वाटलं होतं आवाज फुटणार नाही. फुटला.   लोक ओरडतील याची तयारी करून गेलो होतो.

मंग जब्बार उठला. माझ्याच कारखान्यात गाद्या भरतो, सतरा वर्षांपासून. त्याची नुजहत त्या अकरा पोरींत होती. तिले दहावी करून आयटीआयले शिवणकामात जायचं होतं. तो म्हणाला, "शेठ, मले कावून नाही सांगतलं? मी तर रोज तुमच्या समोरच बसतो." एवढंच बोलून बसला. आपा, जानेवारीत तो मले म्हटला होता, उस्तानीनं पोरींचं नुकसान केलं शेठ, अशा बाईले ठेवू नये. आणि मी त्याले म्हटलं होतं, पाहू.

अमरीनचे अब्बा आले होते. दारात उभे होते, आत बसा म्हटलं तर बसले नाही. नवा ठराव वाचणं सुरू झालं तवा होते. संपला तवा नव्हते.

ठराव मौलानानं उर्दूत लिहिला, मी मराठीत. जुना ठराव रद्द, उस्तानीनं सांगतलं ते शब्द न् शब्द खरं होतं, चूक सदराची होती, संस्था तिची माफी मागते. सही करायच्या आधी मी सगळ्यांसमोर म्हटलं, मौलाना, मले वाचता येत नाही, वाचून दाखवा. पोरींपैकी दोघी-तिघींनी एकमेकींकडं पायलं. हसल्या नाहीत.

आणखी ठरलं की यापुढं कोणताही ठराव मोठ्यानं वाचल्याशिवाय सही नाही. आणि कमिटीत दोन बाया घ्यायच्या. सदरकीचं मी लोकांवर सोडलं. एक जण म्हणाला, आता सोडून कुठं जाता, पोरींचे फॉर्म कोण भरन?  लोक मले ठेवून राहिले की शिक्षा देऊन राहिले, मले समजलं नाही.

चारही मदरशांत जाऊन आलो. एका ठिकाणी नाझिमांनी कागद घेतला, वाचला, आणि म्हणले, "आमी तर ती जागा तवाच भरली." मी म्हटलं, हो.

ठरावाची एक नक्कल सोबत आहे. अमरीनले द्या.

अय्युब


अमरावती
२१ सप्टेंबर २०२४

अय्युब,

नक्कल अमरीनला दिली. तिनं दोन्ही भाषांत वाचली. मराठीत एका ठिकाणी तारीख चुकली होती, ती तिनं पेन्सिलनं दुरुस्त केली आणि कागद अब्बांना नेऊन देते म्हणाली. तुझ्यासाठी काही निरोप आहे का विचारलं. विचार करून "नाही" म्हणाली. रागानं नाही. नव्हताच काही.

तिनं विचारलं ते वेगळंच. "अकराच्या अकरा फॉर्म भरले का?" ते तू लिहिलं नाहीस.

इथे तिचं बरं चाललंय. सकाळच्या तासाला मुली वेळेच्या आधी येऊन बसतात.

आपा


अकोला
२२ फेब्रुवारी २०२५

आपा,

सप्टेंबरात तुमी विचारलं त्याचं उत्तर मी दिलं नाही. आज देतो. अकरा नाही, सात. सातही पोरींचे कागद मी स्वतः नेऊन दिले, पोचपावती घेतली, हॉल तिकिटं आणली. काल त्यांचा पहिला पेपर होता, उर्दूचा. अकराले सुरू.

मी दहापासूनच केंद्रासमोर उभा होतो, रस्त्याच्या ह्या बाजूले, रसवंतीजवळ. पोरी रिक्षातून उतरल्या आणि गेटजवळ एका बाईभोवती गोळा झाल्या. अमरीन होती. तुमच्याकडून सुट्टी घेऊन सकाळच्या बसनं आली असन. एकीची ओढणी नीट केली, एकीले पेन दिला. पोरी आत गेल्या.

मी ह्या बाजूले उभा आणि ती त्या बाजूले. मधून गाड्या चालल्या होत्या. मले तिकडं जाऊन माफी मागायची होती, तोंडानं, कागदानं नाही. सहा महिन्यांपासून वाक्य तयार करून ठेवलं होतं. पाय उचलला आणि थांबलो. वाटलं, पोरींच्या पेपरच्या दिवशी हे मी तिच्यासाठी करून राहिलो की माझं ओझं उतरावं म्हणून? समजलं नाही. उभाच राहिलो.

तीच रस्ता ओलांडून आली. सलाम केला. म्हणाली, "सात आल्या. चौघी कुठं आहेत?"

मी सांगतलं. मले पाठच होतं. एकीचं डिसेंबरात लग्न झालं, मूर्तिजापुरात दिली. एक बापासोबत सुरतले गेली. एकीची आई म्हणे, पुन्हा वर्ष बुडालं तर तोंड कुठं लपवू, म्हणून तिनं घरीच ठेवली. आणि नुजहत माझ्या कारखान्यात गाद्यांची कव्हरं शिवते. जब्बारनं मागच्याच वर्षी तिले कामाले लावलं होतं. फॉर्मच्या वेळी मी त्याच्या घरी तीनदा गेलो. चौथ्यांदा ती पोरगीच बाहेर आली आणि म्हणाली, "चाचा, आता राहू द्या, अभ्यास विसरले मी."

अमरीननं सगळं ऐकून घेतलं.  मंग विचारलं, "नुजहत कोणत्या वेळी असते तिथं?"

मी म्हटलं, दहा ते सहा.

"पेपर सुटेपर्यंत भेटून येते," ती म्हणाली. कारखाना दुकानाच्या मांगंच आहे, पत्ता तिले माहीत होता. रिक्षाले हात केला आणि गेली.

माझं वाक्य मी बोललो नाही. तिनं ते ऐकायले थांबावं असं काहीच नव्हतं त्याच्यात. दोन वाजता पेपर सुटायच्या आधी ती परत आली, गेटजवळ उभी राहिली. नुजहत काय म्हणाली हे तिनं मले सांगतलं नाही आणि मी विचारलं नाही. संध्याकाळी कारखान्यात गेलो तर नुजहत मशीनवर खाली मान घालून शिवत होती. तिचे डोळे सुजलेले होते. मले पाहून तिनं रोजच्यासारखा सलाम केला. मी तो घेतला आणि गल्ल्यावर जाऊन बसलो. जब्बार समोरच होता.

अय्युब